‘तसलं बोलू नगंस’ म्हणण्याआधी

दहावीच्या विज्ञान भाग २ च्या पुस्तकात तिसऱ्या धड्यात मानवी प्रजनन येतं. कोल्हापुरातल्या एका शाळेत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं आणि खरं सांगते, सुरुवातीची काही वर्षं हा धडा मी फुलापासून सुरू करून फुलापाशीच संपवत होते. पुंकेसर, स्त्रीकेसर, परागकण, सगळं रंगीत खडूंनी फळ्यावर. पुढची पानं ‘घरी वाचून घ्या, अडलं तर विचारा’. कुणाला कधी काही अडलं नाही आणि त्याचा मला आनंदच व्हायचा.

मग एका पालकसभेनंतर एक आई मागे रेंगाळली. मुलगी आठवीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “बाई, तेवढं तुम्हीच सांगा की तिला. आमच्यात असलं वंगाळ बोलत न्हाईत.” मी मान डोलावली आणि आतून चरकले. मी तर समजत होते की घरी आई सांगते. आई समजत होती की शाळेत बाई सांगतात. पूर्वी या दोघींच्या मधली जागा गल्लीतला चार वर्षांनी मोठा पोरगा भरायचा. आता खिशातला फोन भरतो.

सरकारही आमच्यासारखंच. २००७ साली महाराष्ट्राने शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा अभ्यासक्रम चक्क बंद केला होता, मुलं बिघडतील म्हणून. ही भीती पालकांच्या मनात अजून आहे: आपण विषय काढला तर त्याच्या डोक्यात नसलेलं भरेल. जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्कोने २०१८ साली जी मार्गदर्शिका काढली, ती वेगळंच सांगते. नीट माहिती मिळाली म्हणून मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळतात, असं दिसत नाही. उलट ती थांबतात, आणि पुढे जेव्हा केव्हा वेळ येते तेव्हा काळजी जास्त घेतात. आणि डोक्यात ‘नसलेलं’ म्हणाल, तर सातवीतल्या मुलांच्या बाकांवर कोरलेली चित्रं एकदा पाहा.

तर अडचण माहितीची कमी आणि शब्दांची जास्त आहे. आपल्या कोल्हापुरात शरीराच्या त्या अवयवांची नावं कुणाला माहीत नाहीत असं नाही. पेठेत दोन गाड्या एकमेकींना घासू देत, मिनिटभरात सगळी ऐकायला मिळतात. पण शिवी म्हणून. तीच नावं अवयव म्हणून घ्यायची झाली की आपण ‘शूची जागा’ आणि ‘तिथं’ यांच्यावर येतो. मुलाला यातून एक गोष्ट पक्की कळते: शरीराचा हा भाग एक तर शिवी देण्याचा, नाही तर लपवण्याचा. मग कुणी तिथं हात लावला तर ते सांगायचं कोणत्या शब्दात? शिश्न, वृषण, योनी हे शब्द कोपर आणि गुडघा या शब्दांसारखेच घरात यायला हवेत. तीन-चार वर्षांच्या वयात आंघोळ घालताना आले तर फारच सोपं. चौदाव्या वर्षी पहिल्यांदा उच्चारायचे झाले तर आपलीच जीभ अडखळते. अडखळू दे. “मला पण हे बोलायची सवय नाही, माझ्या आईनं मला काहीच सांगितलं नव्हतं,” एवढं म्हटलं तरी समोरचं पोर सैलावतं.

आता ‘स्वप्नदोष’ हा शब्द घ्या. झोपेत वीर्य बाहेर पडणं ही वयात येणाऱ्या मुलाच्या शरीराची साधी घटना. मराठीने तिच्या नावातच दोष ठेवला आहे. तेरा वर्षांचा मुलगा सकाळी उठतो, चड्डी ओली, आणि त्याला मिळणारा पहिला शब्द सांगतो की तुझ्यात काहीतरी बिघडलंय.

कोल्हापुरात याला आणखी एक पदर आहे, तालमीचा. शाहू महाराजांनी खासबागचं मैदान बांधलं तेव्हापासून नव्हे, त्याच्या आधीपासून लाल मातीचे नियम चालत आलेत. त्यातला मोठा नियम ‘लंगोट पक्का’, म्हणजे ब्रह्मचर्य. वस्तादांच्या सांगण्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पहाटे चारला उठायचं, हजार जोर मारायचे, तर रात्री भटकणं, जागरण, व्यसन परवडत नाही. पण या शिस्तीला चिकटून एक भलताच हिशेब आला: चाळीस थेंब रक्त आटलं की वीर्याचा एक थेंब होतो. कुणी शंभर थेंब सांगतं. म्हणजे मुलाला झोपेत जे झालं त्यात त्याचं वाटीभर रक्तच गेलं! मग तो आरशात गाल बसलेत का बघतो, परीक्षेत गुण कमी पडले तर तेच कारण धरतो, आणि पैसे साठवून स्टँडजवळच्या भिंतीवर ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ रंगवलेल्या पत्त्यावर जातो.

शरीरातला खरा हिशेब असा. वीर्याचा बहुतेक भाग हा वीर्यकोश आणि पुरस्थ ग्रंथी यांनी तयार केलेला द्रव असतो. वृषणात तयार झालेल्या शुक्रपेशी त्यात अगदी थोड्या जागेत मावतात. लाळ जशी सतत तयार होते तसंच हे. रक्त आटत नाही, हाडं झिजत नाहीत, कुस्ती हरत नाही. हस्तमैथुनाचंही तेच. त्याने आंधळेपणा, नपुंसकत्व, वेड यातलं काहीही येत नाही. त्यापायी अभ्यास, झोप, मित्र सुटायला लागले तरच लक्ष घालायचं, जसं मोबाइलवरच्या खेळाबाबत घालतो तसं. ‘धातू जातो’, म्हणजे वीर्य जातं, या भीतीने माणूस खरोखर खंगतो, हे मात्र डॉक्टरांना माहीत आहे. भारतीय मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली या त्रासाला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. थकवा, छातीत धडधड, उदासपणा ही सगळी लक्षणं खरी, कारण मात्र मनातली भीती.

मुलांच्या बाबतीत आणखी एक छोटी गोष्ट, जी जवळपास कुणीच सांगत नाही. वयात येताना सुमारे निम्म्या मुलांच्या छातीत थोडी गाठ किंवा फुगवटा येतो, दुखतोही. बहुतेकांचा तो सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातो. तोवर तो मुलगा पोहायला जात नाही, सगळ्यांसमोर शर्ट बदलत नाही, आणि घरचे म्हणतात, “हा एकलकोंडा झालाय.”

मुलींच्या बाबतीत निदान पाळीबद्दल आता बोललं जातं, जरी ‘कावळा शिवला’ आणि ‘बाजूला बसली’ अजून संपलेलं नाही. त्यामुळे इथे फक्त कामाचे आकडे. छाती वाढू लागल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांत पहिली पाळी येते. पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होणारच. एका पाळीपासून दुसरीपर्यंत २१ ते ४५ दिवस या वयात चालतात. आठ वर्षांच्या आत वयात येण्याच्या खुणा दिसल्या, पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, सात दिवसांहून जास्त रक्त जातंय, किंवा दर तास-दोन तासाला पॅड भिजतोय, तर डॉक्टरांकडे जा. शाळा बुडवायला लावणारं पोटदुखणं ‘बाईच्या जातीला सोसावंच लागतं’ म्हणून सोडून देऊ नका. आणि एचपीव्हीची लस: गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी. ९ ते १४ वयात दोन डोस, पंधराच्या पुढे तीन. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ २०२३ पासून मिळते. लस टोचताना मुलगी विचारेलच, “हे कशासाठी?” विषय काढायला याहून सोपी संधी मिळत नाही.

संधीचं असं आहे की आपण ती शोधत बसतो आणि ती टीव्हीवर चालून येते. आयपीएलची मॅच, सगळं घर हॉलमध्ये, आणि मध्येच कंडोमची जाहिरात. बाबांचा हात रिमोटकडे जातो. आजी एकदम पाणी प्यायला उठते. तो बदललेला चॅनेल हाच त्या दिवशीचा धडा. मुलांना कळतं की हा विषय या घरात चालत नाही. माझ्या एका मैत्रिणीने एकदा रिमोट उचलला नाही. सहावीतल्या लेकीने विचारलं, “आई, ह्ये कंडोम म्हंजे काय?” मैत्रीण म्हणाली, “रबराची पिशवी असते. मोठी माणसं वापरतात. मूल नको असेल तेव्हा, आणि एकाचा आजार दुसऱ्याला होऊ नये म्हणून.” मुलगी म्हणाली, “हां,” आणि पुन्हा धावफलक बघायला लागली. एवढंच. अकरा वर्षांच्या मुलीला तेवढंच हवं होतं. शंभर वाक्यांचं भाषण तिने मागितलं नव्हतं.

मुलाला समोर बसवून, दार लावून, “हे बघ, तू आता मोठा झालास” असं सुरू केलेलं बोलणं बहुतेक फसतं. दोघांनाही कधी एकदा संपतंय असं होतं. या वयात मुलं डोळ्याला डोळा देऊन बोलत नाहीत, शेजारी बसून बोलतात. राजारामपुरीत क्लासला सोडताना ॲक्टिव्हावर, रंकाळ्याला फेरी मारताना, मिरच्यांची देठं काढताना. गाडीवर तर आणखी सोय, मागच्याचं तोंड आपल्याला दिसत नाही. पाच मिनिटांत उतरायचं असतं, म्हणून तोही निर्धास्त असतो. आणि विचारलेला प्रश्न परीक्षा घेतल्यासारखा परतवू नका. “तुला हे कुणी सांगितलं?” हा प्रश्न विचारला की पुढचा प्रश्न आपल्याकडे येत नाही. “तुला काय वाटतं, काय असेल?” असं विचारलं तर त्याच्या डोक्यात आधीच काय चुकीचं बसलंय तेही कळतं.

शरीरापेक्षा नात्यांबद्दल बोलणं मला जास्त अवघड वाटतं. कारण तिथे आपल्याकडे शब्द आहेत, पण सगळे कोर्टातले. लफडं, भानगड, प्रकरण. नववीतल्या मुलीला कुणी आवडलं तर आपल्या घरात त्याला काय म्हणायचं? ‘आवडतो’ म्हणायचं. हा शब्द पुरेसा आहे. “कुणी आवडतं का गं?” असं हसत विचारलं आणि ती “मी काय सांगत नाही जा” म्हणाली, तरी तिला कळलं की सांगता येतं.

मग त्यातलं खरं शिकवण्यासारखं पुढे येतं. तो दर तासाला लोकेशन मागतो, दुसऱ्या कुणाशी बोललीस की फुगतो, फोनचा पासवर्ड मागतो. आणि हे सगळं प्रेम म्हणून खपतं, कारण सिनेमात खपतं. मुलीला आणि मुलाला, दोघांनाही सांगायला हवं की काळजी आणि पहारा यात फरक असतो. ज्याच्या सोबत असताना आपल्याला सारखं घाबरून बोलावं लागतं, ते नातं ठीक नाही. मुलांना तर आणखी एक: ‘नाही’ म्हणजे ‘अजून थोडं मागे लाग’ असा अर्थ नसतो. गप्प राहणं म्हणजे होकार नसतो. काल हो म्हटलं म्हणून आज हो असतं असंही नाही. नकार पचवायला आपण मुलांना शिकवतच नाही. फुटबॉलच्या सीझनमध्ये आपल्या तालमीचा संघ हरला की आठवडाभर पेठ सुतकात असते, मग मुलगी नाही म्हणाली तर पोरगा काय करणार? त्याच्या रडण्यालाही घरात जागा हवी. “पोरगी एक गेली तर छप्पन मिळतील” हे सांत्वन नाही, त्यात तिचाही अपमान आणि त्याचाही.

पालकांची मनातली भीती बऱ्याचदा वेगळीच असते: जात. ती आरोग्याच्या नावाखाली बोलू नका, मुलांना ते लगेच वास येऊन कळतं. आंतरजातीय विवाहाला कायद्याचं पाठबळ देणाऱ्या राजाच्या गावात राहतो आपण, एवढंच म्हणते.

मुलाला मुलगा आवडतो किंवा मुलीला मुलगी, असं कळलं तर? आजार नाही, संगतीचा परिणाम नाही, लग्न लावून ‘सुधारत’ही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला ती गुन्ह्यातून काढली. ‘बरं करून देतो’ म्हणणारा डॉक्टर भेटला तर तिथून उठा.

आता कायदा. हा भाग मुलांना धमकी म्हणून सांगितला जातो किंवा सांगितलाच जात नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक. तिची संमती कायद्यात धरली जात नाही. सतरा वर्षांची मुलगी “माझ्या मर्जीनं गेले” म्हणाली तरी शरीरसंबंध हा गुन्हाच, आणि त्याला किमान १० वर्षांची शिक्षा आहे. मुलगाही सोळा-सतराचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि गंभीर गुन्ह्यात १६ ते १८ वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवण्याची मुभा २०१५ च्या कायद्यात आहे. मुलीचे वडील रागाच्या भरात तक्रार देतात, पुढे राग ओसरतो, पण खटला मागे घेणं त्यांच्या हातात राहत नाही. हे योग्य की अयोग्य यावर मोठे मोठे न्यायाधीश वाद घालतायत. अकरावीतल्या मुलाला मात्र आज कायदा काय आहे ते माहीत असलं पाहिजे.

याच कायद्यात दुसरी बाजूही आहे, आणि ती जास्त महत्त्वाची. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, डॉक्टरवरही आणि शिक्षकावरही. ‘घरातली गोष्ट घरात’ चालत नाही. बहुतेक वेळा करणारा ओळखीचाच असतो, म्हणूनच मुलाला एक वाक्य लहानपणापासून सांगून ठेवायचं: “कुणीही असू दे, मामा असू दे, सर असू दे, तू सांगितलंस तर आम्ही तुला रागावणार नाही.” आणि मग खरंच रागवायचं नाही. चाइल्डलाइनचा नंबर १०९८, फुकट, रात्रंदिवस.

दिवस गेले तर? आधी ओरडा, मग उपाय, असा क्रम आपल्याकडे असतो आणि त्यात आठवडे जातात. पहिल्याच संबंधातही गर्भ राहू शकतो. तातडीची गर्भनिरोधक गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी उपयोगी. ती गर्भपाताची गोळी नाही आणि आजारांपासून वाचवत नाही. गर्भपात कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर होतो. अल्पवयीन मुलींसारख्या काही गटांना दोन डॉक्टरांच्या मतावर २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते. पोलिसांत नाव जाईल या भीतीने लोक भोंदूंकडे जातात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. हे एक वाक्य माहीत असतं तर किती मुली वाचल्या असत्या, असं वाटून जातं. सीपीआर या आपल्या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग, त्वचारोग आणि मानसोपचार असे तिन्ही विभाग आहेत. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी वेगळं समुपदेशन असतं, केसपेपर काढताना विचारायला लाजू नका.

फोनबद्दल थोडं. चोरून पाहिलेल्या व्हिडिओंवरून मुलं संबंध कसे असतात ते शिकतात, आणि तिथे संमती नावाची गोष्ट नसते, कंडोम नसतो, खरी शरीरं नसतात. “ते नाटक असतं, पैसे घेऊन केलेलं. खरं आयुष्य तसं नसतं,” एवढं तरी कुणीतरी सांगितलंच पाहिजे. आणि फोटो: अठराखालच्या कुणाचाही तसला फोटो काढणं, ठेवणं, पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे. ग्रुपवर आला म्हणून ‘फॉरवर्ड’ केला, तरीही. फोटोवरून कुणी धमकावतंय असं मुलाने सांगितलं तर फोन आपटू नका. पुरावा त्यातच असतो. पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. त्या रात्री पोराला एकटं झोपू देऊ नका. मन सावरायला टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे.

आणि आपण आधीच ओरडून बसलो असलो तर? मी स्वतः माझ्या मुलाच्या वहीत एक चिठ्ठी सापडल्यावर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चार दिवसांनी चहा देताना म्हटलं, “त्या दिवशी माझं चुकलं. मी घाबरले होते.” तो काही बोलला नाही. पण दार लावून घ्यायचं त्याने थांबवलं.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ शिवाजी पेठेतले, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. पोरगा नववीत, गप्प गप्प राहायला लागलेला, जेवण तोडलेलं. बायकोने तगादा लावला म्हणून एका संध्याकाळी त्याला रंकाळ्यावर घेऊन गेले. तासभर दोघं कठड्यावर बसले. दोन कप चहा झाला, भेळ झाली. काय बोलायचं ते काही सुचेना. शेवटी पाण्याकडे बघत म्हणाले, “रात्रीचं व्हतंय नव्हं तुला... मला बी व्हायचं.”

पोरगा दचकून म्हणाला, “तुम्हाला? मग तुम्ही काय केलं?”

“काय करतोय? चड्डी धुतली आन् गेलो तालमीला.”